कुंडीसकट लावलेली काडी

अंजिराची बाग छाटली की झाडांखाली काड्यांचा खच पडतो. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात मीठ्या बहाराची, म्हणजे उन्हाळ्यात पिकणाऱ्या फळांसाठीची, छाटणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. त्या दिवसांत सासवड, गुऱ्होळी, सिंगापूरच्या बाजूला राखाडी सालीच्या, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या ढिगाने पडलेल्या दिसतात. नवख्याला ते सरपण वाटेल. पण वर्षभरात पक्व झालेली, चार-सहा डोळ्यांची, वीतभर लांबीची काडी म्हणजेच अंजिराचं बियाणं. ज्या झाडावरून ती उतरली त्याच झाडाचं फळ, तीच साल आणि तीच चव ती पुढे चालवते.

त्या बागांपासून जळगाव जिल्ह्यातलं चोपडा चारशेहून अधिक किलोमीटर दूर. चोपडा म्हटलं की डोळ्यांपुढे केळी येते, मग कापूस. दक्षिणेला तापीकाठची काळी कसदार जमीन, आणि उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याकडे सरकावं तशी ती हलकी, मुरमाड होत जाते. अंजीर इथलं सवयीचं पीक नाही. तरीही अंजिराच्या काडीचा विषय चोपड्याच्या मातीत आणून मांडावासा वाटतो. ही काडी कशात रुजवायची, या प्रश्नाचं एक उत्तर याच तालुक्याच्या बांधावर पडून आहे.

आधी काडीचंच पाहू. अंजिरात बिया असतात की, मग काडीच का? फळ खाताना दाताखाली कुरकुरतात त्या बियाच दिसायला, पण आपल्याकडच्या पूना जातीच्या अंजिरात त्या पोकळ असतात. त्यांच्यातून झाड होत नाही. अंजीर, उंबर, वड आणि पिंपळ ही सगळी एकाच वंशातली झाडं. या वंशाची फुलं फळाच्या आत, बंद दाराआड फुलतात. उंबर फोडलं की केंबरं उडतात हे महाराष्ट्रातल्या पोराटोरांना ठाऊक असतं. ती इवली केंबरंच उंबराच्या आतल्या फुलांपर्यंत पराग पोचवतात. स्मिर्ना नावाच्या परदेशी अंजिरालाही अशीच एक बारीक माशी लागते. कॅलिफोर्नियात स्मिर्नाची झाडं जोमाने वाढली, पण फळं पिकण्याआधीच गळून पडत. फ्रेस्नोच्या जॉर्ज रोडिंग यांनी १८९९ साली ती माशी तिथे आणून रुजवली, तेव्हा कुठे त्या बागा फळाला आल्या. पुरंदरच्या अंजिराला मात्र तिची गरज पडत नाही. परागीभवनावाचून त्याचं फळ भरतं, गोड होतं, आणि म्हणूनच त्याला पुढची पिढी काडीतूनच काढावी लागते.

ही काडी माणसाने पहिल्यांदा केव्हा रोवली असेल? जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिलगाल नावाचं एक अश्मयुगीन गाव उत्खननात सापडलं. तिथल्या एका जळालेल्या घरात कोळसा झालेली नऊ छोटी अंजिरं आणि शेकडो बियांचे कण मिळाले. वय सुमारे ११,४०० वर्षं. इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठातले मोर्देखाय किस्लेव्ह, त्यांच्या सहकारी अनात हार्टमन आणि हार्वर्डचे ओफर बार-योसेफ यांनी २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं की ही अंजिरं रुजणारं बी नसलेल्या जातीची आहेत. ती आपोआप पसरणारी नव्हेत. कोणीतरी फांदी तोडून मातीत रोवली असणार. हे मान्य केलं तर माणसाने गहू आणि जव मुद्दाम पेरायला सुरुवात केली त्याच्याही सुमारे हजार वर्षं आधी अंजिराची काडी लावली. इतर संशोधकांनी यावर आक्षेपही घेतला. जंगली अंजिराच्या मादी झाडांवरही अशी फळं कधीकधी धरतात, असं त्यांचं म्हणणं. वाद मिटलेला नाही. पण ज्याने अंजिराची काडी एकदा हातात धरली आहे त्याला किस्लेव्ह यांचं म्हणणं अशक्य वाटणार नाही. अंजिराच्या पेरांवर मुळांचे सुप्त अंकुर आधीपासूनच असतात. ओल, ऊब आणि थोडा अंधार मिळाला की ते हलतात. शेतीची सुरुवात करायला याहून सोपं झाड शोधूनही सापडलं नसतं.

खानदेशाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. केळीलाही रुजणारं बी नाही. पिढ्यानपिढ्या इथल्या शेतकऱ्याने केळीचा कंद उकरून, सालटून, निवडून नव्या खड्ड्यात ठेवला. बसराई जात अशीच एका शेतातून दुसऱ्या शेतात चालत गेली. नंतर ऊतीसंवर्धन आलं. जळगावात भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशनने ग्रँड नैन जातीची टिश्यूची रोपं तयार करून शेतकऱ्यांपर्यंत नेली आणि जिल्ह्याच्या केळीचं रूपच पालटलं. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी पुरंदरच्या अंजिरालाही मिळालं. बियाण्याविना चालणारी ही दोन फळं एकाच वर्षी सरकारी नोंदीत आली.

टिश्यूचं रोप येतं मात्र प्लास्टिकच्या पिशवीत. दीड मीटर बाय दीड मीटरवर लागवड केली तर हेक्टरी ४,४४४ रोपं बसतात, म्हणजे तितक्याच पिशव्या. लावताना ब्लेडने पिशवी चिरायची, मातीचा गोळा अलगद खड्ड्यात सोडायचा आणि पिशवी बाजूला टाकायची. बाजूला टाकलेली पिशवी कुठे जाते ते कोणत्याही केळीच्या शिवारात फिरून पाहावं. बांधाच्या बाभळीवर ती अडकलेली असते, चारीत साचलेली असते, नांगराच्या फाळाला गुंडाळून पुन्हा वर आलेली असते. वनीकरणाचं गणित याहून मोठं. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडं लावण्याचं लक्ष्य ठरलं होतं. त्यातलं बहुतेक रोप पिशवीतच वाढतं. २३ मार्च २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेत रोपवाटिका, फलोत्पादन आणि शेतीसाठी विघटन होणाऱ्या पिशव्यांना मुभा दिलेली होती. वाट कागदावर खुली झाली. रोपवाटिकांत काळी पिशवी आहे तिथेच आहे, कारण ती स्वस्त आहे आणि कडक उन्हातही महिनोन्महिने टिकते.

केळीचं रोप पिशवी फाडताना फारसं बिचकत नाही. अंजिराच्या काडीचं तसं नाही, आणि रोपासकट गाडता येणाऱ्या, मातीत कुजून जाणाऱ्या कुंडीचा विचार नेमका इथे सुरू होतो.

काडी लावल्यावर दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात. हिरवं पान उलगडतं, पंजासारखं पसरतं आणि लावणारा खूश होतो. पण ते पान बऱ्याचदा काडीतल्या साठवलेल्या अन्नावर आलेलं असतं. खाली मुळाचा पत्ता नसतो. या दिवसांत उत्साहाने पाणी वाढवलं तर काडी बुडातून काळी पडते. खरी मुळं यायला चार ते आठ आठवडे लागतात. ती आली तरी पहिली मुळं पांढरी, रसरशीत आणि काचेसारखी ठिसूळ असतात. पिशवी फाडताना माती ढासळली की ती पेराजवळच तुटतात. वर चार पानं, खाली तुटकी मुळं, आणि भोवती जळगाव जिल्ह्याचा उन्हाळा. दुपारपर्यंत पानं लोंबतात, आठवड्यात काडी वाळते. रोपवाटिकेतून आणलेलं रोप ‘धरलं नाही’ म्हणून ज्याची तक्रार होते, त्यातली कितीतरी रोपं अशीच या एका हालचालीत गेलेली असतात.

कुंडीसकट लावलं तर ही हालचालच टळते. मूळ भिंतीतून आरपार जातं, भिंत हळूहळू मातीत मिसळते. दुसरा फायदा मुळांच्या वळणाचा. प्लास्टिकच्या गुळगुळीत भिंतीला टेकलेलं मूळ गोल फिरत राहतं आणि पुढे झाड मोठं झालं तरी ते वेटोळं सुटत नाही. सच्छिद्र भिंतीतून मुळाचं टोक बाहेर आलं की कोरड्या हवेत ते सुकतं, आणि मागून चार नवी मुळं फुटतात. पन्नास वर्षं उभं राहू शकणाऱ्या झाडाच्या बाबतीत पहिल्या तीन महिन्यांत मुळाला लागलेलं वळण ही बारीकसारीक बाब मानता येत नाही.

जगात अशा कुंड्या फार आधीपासून आहेत. नॉर्वेच्या जिफी कंपनीने पीटच्या दाबलेल्या कुंड्या १९५० च्या दशकात बाजारात आणल्या. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ. ते खणून काढलं की दलदल जाते आणि तिच्यात धरून ठेवलेला कार्बनही मोकळा होतो. चोपड्यातल्या काडीसाठी उत्तर युरोपातली दलदल खणणं कोणत्याही हिशेबात बसत नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या ईस्ट कॅनन इथल्या फ्रॉइंड कुटुंबाने आपल्या गोठ्यातल्या शेणाच्या कुंड्या करून विकायला काढल्या, त्या ‘काऊपॉट्स’ नावाने ओळखल्या जातात. आपल्याकडेही गोशाळांतून शेणाच्या कुंड्या साच्यात पाडल्या जातात. केरळ-तमिळनाडूकडून काथ्याच्या येतात. काथ्याची कुंडी टिकाऊ खरी, पण कधीकधी इतकी दाट असते की कोवळं मूळ तिच्यातून लवकर पार होत नाही.

आता चोपड्याचं हवामान. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. थंड, दमट प्रदेशात लिहिलेल्या सूचना इथे जशाच्या तशा चालत नाहीत. सच्छिद्र कुंडी चारी बाजूंनी पाणी उडवते. प्लास्टिकच्या पिशवीला दिवसाआड पाणी पुरत असेल तर हिला रोज लागेल. त्यावर उपाय असा की कुंड्या सुट्या न ठेवता वाफ्यात एकमेकींना खेटून, अर्ध्या उंचीपर्यंत वाळूत गाडून ठेवायच्या. वर शेडनेट. दुसरी अडचण उधईची. कोरड्या मुरमाड जमिनीत पुठ्ठा, कागद, पान, लाकूड म्हणजे उधईला आयतं ताट. खड्ड्यात निंबोळी पेंड घालायची रीत इथल्या शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही, पण कुजणारी कुंडी लावताना ती विसरून चालणार नाही. तिसरी गोष्ट नत्राची. कागद किंवा पाला कुजवणारे जिवाणू आपल्या पोषणासाठी मातीतलं नत्र ओढून घेतात, म्हणून काही दिवस रोप पिवळट दिसतं. शेणाच्या कुंडीत हा त्रास कमी, कारण तिचं नत्र तिच्यातच असतं.

कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरी बुरशी चढते, तिला पाहून मात्र घाबरू नये. ती मेलेलं पान आणि कागद खाणारी असते. काडीचं बूड टणक असेल, वास कुबट नसेल, तर बुरशी आपलं काम करते आहे असं समजावं. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या कुंड्या उकिरड्यावर जातात.

सगळ्यात अवघड गणित वेळेचं. अंजिराची लागवड पावसाच्या सुरुवातीला करण्याचा रिवाज आहे. ऑक्टोबरात छाटलेली काडी तेव्हाच कुंडीत घातली तर जूनपर्यंत आठ महिने होतात, आणि कुंडी म्हणून वापरायचा पळसाच्या पानाचा द्रोण तर काही आठवड्यांत विरघळतो. म्हणून दोन पावलांनी जावं. छाटणीच्या काड्या ओलसर गोणपाटात गुंडाळून सावलीत, गार जागी ठेवाव्यात. थंडीचा कडाका उतरला, जानेवारीअखेर जमीन कोमट व्हायला लागली, की त्या लहान द्रोणात किंवा कागदी कुंडीत लावाव्यात. बुडाचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि सरळ, वरचा काप तिरपा. म्हणजे पाणी वर थांबत नाही आणि काडी उलटी रोवली जात नाही. कापातून निघणारा चीक धुऊन काप तासभर सुकू द्यावा. संजीवक वापरायचं तर इंडोल ब्युटिरिक आम्लात बूड बुडवून घेतात. अंजिराला ते अपरिहार्य नाही, पण मुळं एकसारखी येतात. दोन तृतीयांश काडी आत, वर एक-दोन डोळे. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निथळू नये. ज्याला शेतकरी वाफसा म्हणतो तीच ही स्थिती.

मार्चअखेर मूळ द्रोणाच्या भिंतीतून डोकावलं की द्रोणासकट बांबूच्या छोट्या टोपलीत. बुरुडाने विणलेली टोपली एक हंगाम सहज काढते. पुरंदरचं अंजीर बाजाराला जायचं तेही बांबूच्या पाटीत, अंजिराचंच पान अंथरून. तीच पाटी रोपालाही घर होऊ शकते. ज्याच्याकडे ठिबक आहे त्याने टोपलीची वाट न पाहता सरळ शेतात लावावं, सावली मात्र जूनपर्यंत ठेवावी.

द्रोणाचा पळस सातपुड्याच्या पायथ्याला मुबलक आहे, आणि पळसाची पानं काडीने टाचून पत्रावळ-द्रोण करणारे हातही तिथल्या पाड्यांवर आहेत. लग्नाकार्यात थर्माकोल आणि कागदी ताटं आली आणि या हातांचं काम घटलं. रोपवाटिकांनी द्रोण मागायला सुरुवात केली तर ते काम परत येऊ शकतं.

पण या तालुक्याचा खरा कच्चा माल केळीचं खोड. घड उतरला की झाडाचं काम संपतं. ते एकदाच व्यायचं, मग तोडायचं. उरतं ते पाण्याने फुगलेलं, माणसाला एका हाताने न उचलता येणारं खोड. ते बांधावर टाकलं जातं, वाळलं की पेटवलं जातं, आणि शेत मोकळं करायला मजुरी मोजावी लागते ती वेगळी. या खोडाचे पदर, म्हणजे सोपट, फुलवाले अजूनही हार बांधायला वापरतात. गुजरातेतल्या नवसारी कृषी विद्यापीठाने केळीच्या खोडापासून धागा, कागद, गांडूळखत आणि रसापासून द्रवखत करण्याचं तंत्र उभं केलं. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बुरहाणपुरात केळीच्या धाग्याच्या वस्तू होतात. धागा काढल्यावर जो गर उरतो, त्यात शेण कालवून साच्यात दाबला तर कुंडीला लागणारं बळ आणि नत्र दोन्ही एकाच ठिकाणी मिळतं. अर्धवट वाळलेलं सोपट नुसतं नळीसारखं गुंडाळून, तळाशी दुमडून, धाग्याने बांधलं तरी वीतभर खोल कुंडी होते. अंजिराच्या लांब काडीला ती उथळ द्रोणापेक्षा सोयीची.

हे कोणी करायचं? जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, ममुराबाद आणि पाल इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे. पुरंदरमध्ये जाधववाडीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र आहे. केळीचं केंद्र आणि अंजिराचं केंद्र एकाच विद्यापीठाची. एकाकडे टाकाऊ खोड, दुसऱ्याकडे छाटणीची काडी. फळबागेसाठी पैसाही आहे: २०१८ पासूनच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत ज्या १६ फळझाडांना अनुदान मिळतं, त्यांत अंजीर आहे. पाच मीटर बाय पाच मीटरवर हेक्टरी ४०० झाडं बसतात. ४०० कुंड्या करणं ही एखाद्या महिला बचत गटाच्या आवाक्यातली गोष्ट.

अंजीर चोपड्यात केळीची जागा घेईल असं कोणी मानू नये. तापीकाठची भारी, पाणी धरून ठेवणारी जमीन त्याला मानवत नाही, मुळं कुजतात. पावसाळी दमट हवेत पानांवर तांबेरा येतो, आणि पिकलेलं फळ दोन दिवसही कळ काढत नाही. पुरंदरला पुण्या-मुंबईचा बाजार जवळ आहे, तसा चोपड्याला नाही. मात्र पुरंदरच्या शेतकरी कंपनीने अंजिराचा रस बाटलीत भरून २०२४ मध्ये पोलंडला पाठवला, तेव्हा ताज्या फळाच्या अडचणीवरही तोड निघू शकते हे दिसलं. पायथ्याच्या मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत, जिथे केळीला पाणी पुरत नाही तिथे, बांधाला आणि परसात अंजिराची दहा-वीस झाडं उभी राहायला हरकत नाही. कुजणारी कुंडी अंजिरावर सिद्ध झाली तर शेवगा, सीताफळ, पपई आणि उद्या टिश्यूची केळीही तिच्यात बसेल. मोठा फायदा तिथे आहे.

तेव्हा चोपडा, यावल, रावेरच्या रोपवाटिका चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं: येत्या छाटणीला पुरंदरहून काड्यांची एक मोळी मागवा, अर्ध्या काळ्या पिशवीत लावा आणि अर्ध्या सोपटाच्या कुंडीत, आणि पुढच्या दिवाळीला दोन्हींतली किती जगली ते मोजा. कुंडी लावताना तिचा काठ मातीच्या वर राहू देऊ नका, दोन बोटं खाली गाडा. काठ उघडा राहिला तर तो वातीसारखं आतलं पाणी वर ओढून वाऱ्यावर उडवतो, आणि चांगली रुजलेली काडीही मे महिना काढत नाही.